तळघरातला पंप बदलावा का?

समजा, जर्मनीतलं एक साधं दोन मजली घर आहे. बाहेर कडाक्याची थंडी आहे आणि घर उबदार ठेवायला १० किलोवॉट उष्णता लागते आहे. बॉयलरमधून निघालेलं पाणी रेडिएटरांतून फिरून २० अंशांनी निवून परत येतं असं धरलं, तर तासाला साधारण ४३० लिटर पाणी फिरायला हवं. पाइप, वळणं आणि व्हॉल्व्ह यांच्या घर्षणावर मात करायला दोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब पुरतो. या दोन आकड्यांवरून पाण्याला प्रत्यक्ष किती शक्ती द्यायची ते काढलं, तर उत्तर येतं सव्वादोन ते अडीच वॉट. याच कामासाठी १९८० किंवा १९९०च्या दशकात बसवलेला पंप मात्र ६०, ८०, कधी ९० वॉट घेतो. थंडी कडाक्याची असली तरी तेवढीच वीज, आणि मार्चमधल्या कोवळ्या उन्हाच्या दिवशीही तेवढीच.

असा जुना पंप काढून नवा बसवावा का, हा प्रश्न युरोपातल्या लाखो घरांपुढे आहे. श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टच्या परिसरात जुनी घरं विकत घेऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही तो आहे. कारागीर म्हणतो, बदलून टाका. शेजारी म्हणतो, तीस वर्षं बिनतक्रार चालला आहे, हात कशाला लावता? आपल्याकडे मोटर जळली तरी ती पुन्हा भरून आणण्याची रीत. तिथं चालती मोटर काढून टाकायची म्हणजे जिवावर येतं. माझं मत असं, की बऱ्याच घरांत पंप बदलावा, पण त्याच्या वयाकडे बघून निर्णय घेऊ नये. तो किती वॉट घेतो आणि वर्षाला किती तास चालतो, हे दोन आकडे हातात आल्याशिवाय ‘हो’ही म्हणू नये आणि ‘नाही’ही.

महाराष्ट्रात पंप म्हटलं की विहिरीवरची मोटर आठवते, नाहीतर सोसायटीत खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर. तिथं उंची हाच मुख्य भार असतो. चार मजले पाणी चढवायचं तर बारा-पंधरा मीटरचा भार मोटरीला पेलावाच लागतो. घर तापवणाऱ्या यंत्रणेत तसं नसतं. तिथं पाणी बंद वलयात फिरतं. एका पाइपातून जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्यातून खाली उतरतं, आणि दोन्ही बाजूंचं वजन एकमेकांना तोलून धरतं. म्हणून घर उंच असलं की पंप जोरदार हवा, हा समज चुकीचा आहे. पंपाला झुंजायचं असतं ते फक्त घर्षणाशी.

पंप नव्हते तेव्हाही घरं तापतच होती. ८० अंशांचं पाणी ६० अंशांच्या पाण्यापेक्षा घनमीटरमागे सुमारे ११ किलोंनी हलकं असतं. तळघरातला बॉयलर आणि वरच्या मजल्यावरचा रेडिएटर यांच्यात पाच मीटरचं अंतर असेल, तर या फरकातून मिळणारा दाब पाच-सहा सेंटीमीटर पाण्याएवढा असतो. तेवढ्याशा दाबावर गरम पाणी आपोआप वर जायचं आणि निवलेलं खाली यायचं. मात्र त्यासाठी पाइप चांगले जाड ठेवावे लागत, आणि सकाळी घर तापायला वेळ लागे. डॉर्टमुंडच्या ओप्लेंडर यांच्या कारखान्यानं, म्हणजे आजच्या विलो कंपनीनं, १९२८ साली पाइपातच बसणारं आणि अभिसरणाला वेग देणारं यंत्र तयार केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटरीचा फिरता भाग पाण्यातच बुडवून ठेवणारे पंप आले. त्यांना पाणी गळू नये म्हणून लागणारं सील नको, वंगण नको; यंत्रणेतलं पाणीच बेअरिंगला वंगण पुरवतं आणि मोटरीला थंडही ठेवतं. असा पंप आवाज करत नाही आणि वर्षानुवर्षं देखभाल मागत नाही. १९४५ साली डेन्मार्कमधल्या ब्येरिंगब्रो गावात सुरू झालेली ग्रुंडफोस आणि डॉर्टमुंडची विलो ही या धंद्यातली दोन मोठी नावं. विलोचा पुण्याशी संबंध आहे तो चिंचवडच्या मॅथर अँड प्लॅटमुळे. ती आता विलोच्याच छत्राखाली आहे.

पाण्यात बुडालेल्या या मोटरीचा टिकाऊपणा हा खरोखर कौतुकाचा गुण. पण त्याच्यामुळेच अकार्यक्षम पंप वीस-तीस वर्षं जागचे हलले नाहीत. पाणी विजेच्या गुंडाळीत शिरू नये म्हणून फिरता भाग आणि स्थिर भाग यांच्या मध्ये धातूचं पातळ नळकांडं असतं. त्यामुळे दोहोंतली फट वाढते आणि चुंबकीय क्षेत्राचा काही भाग वाया जातो. जुन्या प्रकारच्या मोटरीत फिरत्या भागात वीज प्रेरित करून चुंबकत्व निर्माण करावं लागतं, तिथंही उष्णतेच्या रूपानं गळती होते. मोटर जेवढी लहान, तेवढं या गळतीचं प्रमाण मोठं. घरगुती आकाराच्या जुन्या पंपात घेतलेल्या विजेचा जेमतेम दहावा भाग पाण्याच्या हालचालीत उतरतो, आणि पुष्कळदा तेवढाही नाही.

पंपाच्या निवडीतही पहिल्यापासून एक खोट राहिली. पंप लहान पडला आणि वरच्या मजल्यावरची खोली गार राहिली, तर कारागिराला दुसऱ्या दिवशी फोन येतो. पंप गरजेच्या तिप्पट मोठा बसवला तर कोणीच फोन करत नाही. फरक फक्त विजेच्या बिलात पडतो, आणि त्या बिलात पंपाची वेगळी ओळ नसते. म्हणून कारागीर सवयीनं मोठा पंप बसवत आले आणि त्याच्या बाजूची तीन पायऱ्यांची कळ सर्वांत वरच्या पायरीवर ठेवून गेले.

या सगळ्यात वापराच्या वेळापत्रकाची भर पडते. युरोपात पंपाची कार्यक्षमता मोजण्यासाठी जो नमुना वापरतात, तो असं धरतो की हंगामातल्या फक्त ६ टक्के वेळात पूर्ण प्रवाह लागतो, १५ टक्के वेळात तीन चतुर्थांश, ३५ टक्के वेळात निम्मा आणि उरलेल्या ४४ टक्के वेळात जेमतेम पाव. थंडीचे खरे कडक दिवस मोजकेच असतात, आणि खोल्या तापल्या की रेडिएटरवरचे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह आपोआप बंद होत जातात. अशा वेळी एकाच वेगानं फिरणारा जुना पंप अर्धवट बंद व्हॉल्व्हांवर पाणी ढकलत राहतो. दाब वाढतो आणि व्हॉल्व्हमधून शिट्टीसारखा आवाज येतो. रात्री झोपण्याच्या खोलीतला रेडिएटर सूं-सूं करत असेल, तर पंप नको इतका जोर लावतो आहे असा संशय घ्यायला हरकत नाही.

नवा पंप या दोन्ही खोटींवर उपाय करतो. त्याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात, त्यामुळे चुंबकत्व निर्माण करायला वेगळी वीज लागत नाही. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीनं तो गरजेप्रमाणे वेग बदलतो. वेग बदलण्याचं महत्त्व नीट समजून घ्यायला हवं. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, दाब पाव होतो आणि शक्ती आठव्या भागावर येते. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा स्वतःचा खर्च धरता प्रत्यक्षात एवढा फायदा मिळत नाही, पण दिशा हीच. म्हणून पावपट प्रवाहाच्या त्या ४४ टक्के वेळात नवा पंप चार-पाच वॉटवर येतो, तर जुना आपल्या ८० वॉटवर कायम असतो. विलोनं या प्रकारचा स्ट्राटोस पंप २००१ साली बाजारात आणला. सुरुवातीला तो मोठ्या इमारतींसाठी होता. घरगुती आकाराचे पंप त्याच दशकात मागोमाग आले.

मग कायदा आला. युरोपीय महासंघानं २००९ साली केलेल्या नियमाच्या प्रस्तावनेत नोंद आहे, की २००५ मध्ये महासंघातल्या अशा पंपांनी वर्षाला ५० टेरावॉट-तास, म्हणजे ५,००० कोटी युनिट वीज वापरली. एकेका तळघरातल्या ८० वॉटची ही बेरीज आहे. नियमानुसार १ जानेवारी २०१३पासून स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या पंपांचा ऊर्जा-कार्यक्षमता निर्देशांक ०.२७पेक्षा जास्त चालेनासा झाला, आणि १ ऑगस्ट २०१५पासून ही मर्यादा ०.२३वर आली, बॉयलरच्या आत बसवलेले पंपही तिच्या कक्षेत आले. हा निर्देशांक जितका कमी तितका पंप चांगला, आणि तो पंपाच्या पाटीवर छापलेला असतो. त्यामुळे एक गोष्ट सोपी झाली: आज दुकानात वाईट पंप मिळतच नाही. ०.१८चा घ्यावा की ०.२०चा यावर डोकं शिणवण्याचं कारण नाही. खरी दरी ०.२०चा पंप आणि पाटीवर कसलाच निर्देशांक नसलेला जुना पंप यांच्यात आहे.

आता पैशांचा हिशेब. जुना पंप ८० वॉटचा आहे आणि तापवण्याच्या हंगामात ५,५०० तास चालतो, असं धरू. वर्षाला ४४० युनिट झाले. जर्मनीत घरगुती विजेचा दर अलीकडे युनिटला ३५ ते ४० सेंट राहिला आहे. ३५ सेंट धरले तरी या एका पंपाचे १५४ युरो होतात. नवा पंप सरासरी १२ वॉट घेईल, म्हणजे ६६ युनिट आणि २३ युरो. फरक १३१ युरोंचा. पंप आणि मजुरी मिळून ४५० युरो खर्च आला, तर साडेतीन वर्षांत पैसे वसूल. जाहिरातींतला हिशेब इथंच थांबतो.

तो इथं थांबवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. पाण्यात बुडालेली मोटर जी वीज वाया घालवते, तिची बरीचशी उष्णता त्याच पाण्यात जाते आणि शेवटी घरातच उतरते. हिवाळ्यात ती अगदीच फुकट जात नाही. नवा पंप लावल्यावर तेवढी उष्णता बॉयलरला गॅस जाळून द्यावी लागते. गॅसचा दर विजेच्या साधारण एक तृतीयांश असल्यामुळे बचतीतला पाचवा ते चौथा भाग या मार्गानं कमी होतो. १३१ युरोंचे १०० उरतात आणि वसुलीची मुदत साडेचार वर्षांवर जाते. एवढं वजा करूनही व्यवहार चांगलाच आहे, कारण नवा पंप दहा-पंधरा वर्षं सहज चालावा. पण उन्हाळाभर चालू राहणाऱ्या पंपाला ही सूट लागू नाही. त्या दिवसांत त्यानं टाकलेली उष्णता कोणालाच नको असते.

याच हिशेबात आकडे बदलून पाहावेत. दुसऱ्या एका घरात पंप आधीच खालच्या पायरीवर आहे, ४५ वॉट घेतो. आणि बॉयलरचं नियंत्रण नीट असल्यामुळे गरज नसेल तेव्हा तो बंद होतो, वर्षाला २,५०० तासच चालतो. वापर ११२ युनिट, खर्च ३९ युरो. नव्या पंपानं तो साडेदहा युरोंवर येईल. बचत २९ युरो, वसुलीला पंधरा वर्षं; वाया जाणारी उष्णता धरली तर त्याहूनही जास्त. दोन्ही पंप एकाच कंपनीचे, एकाच वर्षीचे आणि दिसायला सारखे असू शकतात. पहिला आज काढावा, दुसरा बंद पडेपर्यंत राहू द्यावा.

आपला पंप यातला कोणता, हे कळायला तळघरात टॉर्च घेऊन दहा मिनिटं पुरतात. पाटीवर ४५, ६५, ९० असे तीन आकडे आणि बाजूला तीन पायऱ्यांची कळ असेल, तर पंप जुन्या पद्धतीचा आहे. कळ कुठल्या पायरीवर आहे ते पाहावं. पाटीवर निर्देशांक छापलेला असेल आणि तो ०.२७ किंवा त्याहून कमी असेल, तर त्याला हात लावू नये. या दोहोंच्या मधला एक वर्ग आहे: २०१३च्या आधीचे, वेग आपोआप बदलणारे पण मोटर जुन्याच प्रकारची असलेले पंप. त्यांची सेटिंग तपासावी आणि ते चालतील तोवर चालवावेत. तासांचा अंदाज काढायला जरा लक्ष ठेवावं लागतं. बॉयलर थांबला तरी पंप फिरतो का? रात्री? मे महिन्यात, सगळे रेडिएटर बंद असताना? पंपाच्या अंगावर हात ठेवला की बारीक थरथर जाणवते. ऐन जूनमध्ये फिरणारा पंप सापडला तर पहिला दोष नियंत्रणाच्या सेटिंगचा असतो, आणि तो दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

पैसे न लागणारं दुसरं काम म्हणजे कळ एक पायरी खाली आणणं. निर्णय पुढं काहीही होवो, हे आजच करावं. घर गार पडलं नाही तर पुन्हा वर नेण्याची गरज नाही. आठवडाभरानंतर आणखी एक पायरी खाली आणून पाहावी. पुष्कळ घरांत सर्वांत खालची पायरीही पुरते आणि वापर निम्म्यावर येतो. त्यानंतर नवा पंप घेण्यातला फायदा अर्थातच तेवढा घटतो, आणि तो हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

थांबावं कधी, हेही सांगायला हवं. बॉयलरच दोन-तीन वर्षांत बदलायचा असेल तर थांबावं. भिंतीवरच्या गॅस बॉयलरमध्ये आणि बहुतेक हीट पंपांत फिरवणारा पंप आतच बसवलेला येतो. आज घेतलेला पंप तेव्हा निरुपयोगी ठरू शकतो. हीट पंपाचं गणितही वेगळं आहे. तो पाणी २० अंशांनी नाही, पाच-सात अंशांनीच निवू देतो, म्हणून तेवढ्याच उष्णतेला तिप्पट-चौपट पाणी फिरवावं लागतं. आजच्या गरजेला नेमका बसणारा छोटा पंप त्या दिवशी कमी पडेल, आणि उद्याच्या अंदाजानं आज मोठा घेणं म्हणजे पुन्हा तीच जुनी खोट. भिंतीवरच्या बॉयलरमधला पंप खराब झाला असेल, तर बाजारातला कुठलाही पंप त्यात चालत नाही. त्याचं नियंत्रण बॉयलरच्या मेंदूशी जोडलेलं असतं आणि त्याच मॉडेलचा सुटा भाग लागतो. तो महाग असतो. अशा घरात केवळ वीज वाचवायची म्हणून चालता पंप बदलणं मला पटत नाही.

पण ज्या एका कामाकडे सगळे दुर्लक्ष करतात ते वेगळंच आहे: पाण्याची वाटणी, ज्याला तिथं हायड्रॉलिक बॅलन्सिंग म्हणतात. पाणी आळशी असतं. जवळची सोपी वाट धरतं. पंपाजवळच्या रेडिएटरला भरपूर पाणी मिळतं, टोकाच्या खोलीला उरलंसुरलं. ती खोली गार पडली की पंपाचा वेग वाढवला जातो. त्यानं जवळच्या खोल्यांत आणखी जास्त पाणी जातं आणि ते पुरतं न निवताच बॉयलरकडे परततं. बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा असेल तर याचा फटका गॅसलाही बसतो, कारण परतीचं पाणी सुमारे ५५ अंशांहून गार असेल तरच धुरातली वाफ पाण्यात बदलून तिची उष्णता हाती येते. उपाय असा, की प्रत्येक खोलीची गरज काढायची आणि त्या मानानं जवळच्या रेडिएटरांचे व्हॉल्व्ह आतून आवळायचे. मग एकूण प्रवाह कमी पुरतो आणि दाबही कमी लागतो. वाटणी न करता नवा पंप बसवला, तर तो हुशार असूनही जुन्याच चुकीची भरपाई करत बसतो. माझ्या मते पैसे एकाच कामाला पुरत असतील आणि खोल्या कमी-जास्त तापत असतील, तर आधी वाटणी करून घ्यावी आणि पंप जुनाच, खालच्या पायरीवर चालवावा. कारागिरांना हे सांगणं आवडत नाही; वाटणीला दिवस जातो, पंप बदलायला तासभर.

प्रत्यक्ष बदलताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. पंपाची लांबी जुन्याइतकीच हवी. घरगुती पंपांत १८० आणि १३० मिलिमीटर या दोन लांबी नेहमीच्या. दोन्ही बाजूंचे बंद करायचे व्हॉल्व्ह खरंच बंद होतात का ते आधी तपासावं, नाहीतर सगळी यंत्रणा रिकामी करावी लागते आणि मजुरी वाढते. जुन्या यंत्रणेतल्या पाण्यात लोखंडाचा बारीक काळा गाळ असतो, मॅग्नेटाइटचा. तो चुंबकाला चिकटतो, आणि नव्या पंपाच्या पोटात कायमचे चुंबक असतात. जुना पंप या गाळासह वर्षानुवर्षं चालला असेल. नव्याला तो मानवतोच असं नाही. पाणी काळं निघालं तर यंत्रणा धुवून, परतीच्या पाइपात चुंबकीय गाळणी बसवून मगच नवा पंप लावावा. विजेचीही एक खोच आहे. इलेक्ट्रॉनिक पंप चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो. जुन्या नियंत्रणातला छोटा रिले वारंवार या झटक्यानं चिकटू शकतो, आणि मग पंप थांबतच नाही. पंपाच्या माहितीपत्रकात याबद्दल सूचना असते आणि गरजेप्रमाणे वेगळा रिले लावता येतो. पंप लागल्यावर त्याची पद्धत ठरवावी लागते. रेडिएटर असलेल्या घरात सहसा प्रवाहाबरोबर दाब कमी करत जाणारी पद्धत निवडतात, फरशीखाली पाइप असतील तर दाब कायम ठेवणारी. कारखान्यातून आलेली सेटिंग तशीच ठेवून कारागीर निघून गेला, तर अर्धं कामच झालं.

नळाला लगेच गरम पाणी यावं म्हणून काही घरांत दुसरा एक छोटा पंप असतो. तो दिवसरात्र चालू ठेवला आणि ३० वॉटचा असला, तर वर्षाला २६० युनिट खातो. पण तिथं विजेपेक्षा मोठी गळती पाइपातून होते. आच्छादन असलेला पाइपही मीटरमागे सात-दहा वॉट उष्णता सोडत राहतो. वीस मीटरच्या वलयात वर्षभरात हजारांहून जास्त युनिट उष्णता जाते. म्हणून या पंपाबाबत नव्या मोटरीपेक्षा टायमर जास्त वाचवतो: सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. मोठ्या इमारतींत मात्र मनाला येईल तसं बंद ठेवता येत नाही. लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून जर्मनीतल्या तांत्रिक नियमानुसार टाकीतून निघणारं पाणी ६० अंश आणि परतणारं किमान ५५ अंश ठेवावं लागतं, आणि अभिसरण दिवसातून आठ तासांहून जास्त थांबवता येत नाही. एक-दोन कुटुंबांच्या घरांना नियम सैल आहे, तरी टाकीचं तापमान वीज वाचवण्यासाठी उतरवू नये. तो धोका पत्करण्याइतकी ही बचत मोठी नाही.

सरकारी मदतीचा इतिहास बघितला तर धोरण कसं हललं ते कळतं. १ ऑगस्ट २०१६ ते २०२०च्या अखेरीपर्यंत जर्मनीत पंप बदलण्यावर आणि पाण्याच्या वाटणीवर करपूर्व खर्चाच्या ३० टक्के अनुदान होतं. पुढं ही मदत इमारतींच्या व्यापक योजनेत गेली आणि तापवण्याच्या यंत्रणेच्या सुधारणेसाठी १५ टक्क्यांवर आली. युक्रेन युद्धानंतर गॅसची टंचाई झाली तेव्हा ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२४ या काळापुरता एक नियम आला; त्यानुसार गॅसवर चालणाऱ्या यंत्रणा तपासून घेणं आणि पंप अकार्यक्षम आढळला तर तो बदलणं बंधनकारक झालं. अनुदान घ्यायचं नसेल, तर कारागिराच्या मजुरीवर २० टक्के, वर्षाला १,२०० युरोंपर्यंत, प्राप्तिकरात सूट मिळते. बिल बँकेतून भरलेलं हवं. एका छोट्या पंपासाठी अर्ज, कागद आणि वाट पाहणं यांपेक्षा ही कराची वाट सोपी आहे.

हे सगळं स्वतःच्या घराचं. भाड्याच्या घरात गाठ वेगळीच पडते. पंप घरमालकाचा, तो बदलण्याचा खर्च त्याचा. पण पंपाची वीज तापवण्याच्या वार्षिक खर्चात धरून भाडेकरूंवर वाटली जाते. ज्याला खर्च करायचा त्याला बचत मिळत नाही, आणि ज्याला बचत हवी त्याला तळघराची किल्लीही मिळत नाही. हीच गाठ महाराष्ट्रात शेतीपंपांना बसलेली आहे. मीटर नसलेल्या पंपाचं बिल अश्वशक्तीवर ठरतं; पंप युनिट किती खातो याचा शेतकऱ्याच्या बिलाशी संबंध उरत नाही, मग त्यानं महागडा कार्यक्षम पंप स्वतःच्या पैशानं का घ्यावा? सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पुढाकारानं पथदर्शी प्रकल्प झाला, तेव्हा दोन हजारांहून जास्त जुने शेतीपंप शेतकऱ्यांवर भार न टाकता बदलून दिले गेले, ते याच कारणानं. बचत जिथं जमा होते, तिथूनच खर्च यायला हवा.

जर्मनीतल्या भाडेकरूला एवढं नक्की करता येतं: वर्षअखेरीच्या हिशेबात तापवण्याच्या यंत्रणेची वीज कशी लावली आहे ते पाहावं. वेगळं मीटर नसेल तर हा आकडा सहसा इंधनखर्चाच्या ३ ते ५ टक्के असा अंदाजानं धरलेला असतो. तसा असेल तर तो कसा काढला ते घरमालकाला लेखी विचारावं, सोबत पंपाच्या पाटीचा फोटो आणि कळ कुठल्या पायरीवर आहे याची माहिती मागावी. पाच-सहा भाडेकरूंनी मिळून मागितली तर ती टाळणं घरमालकाला अवघड जातं. पंप बदलायला तो तयार नसेल, तरी कळ खाली आणायला त्याला एक पैसाही लागणार नाही.